चार अक्षरांचं काऊन

जयवंताच्या पिशवीची पहिली झडती झाली ती सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी. पिशवीतून निघालं काय? जेवणाचा रिकामा डबा, डोक्याला बांधायचा दुपट्टा, पावशेर भेंडी आणि ऊन लागू नये म्हणून जवळ ठेवलेला एक कांदा. चौकीदारानं कांदासुद्धा उलटसुलट करून पाहिला. काचेच्या दारामागे कंपनीचे मालक मनोहरराव उभे होते आणि आपण उभे आहोत हे कोणाला दिसत नाही अशी त्यांची समजूत होती. जयवंतानं कांदा परत पिशवीत टाकला आणि बसस्टॉपकडे चालू लागली. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

गंमत अशी, की चोरीला गेलं होतं ते कुठल्याच पिशवीत मावणारं नव्हतं. चोरीला गेली होती म्हणे एक भाषा.

मनोहरराव मूळचे पुण्याचे. त्र्याऐंशी साली त्यांनी नागपुरात, धरमपेठेत एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर संगणकाची कंपनी काढली. मशीनला एसी आणि माणसांना कूलर अशी तिथली व्यवस्था. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती आणि ती कल्पना त्यांचीच होती, हे आधी कबूल करून टाकू. ज्या कारकुनाला इंग्रजी येत नाही त्यालाही मशीनला कामं सांगता यायला हवीत. मशीनला इंग्रजी अक्षरंच कळायची, तेव्हा अक्षरं इंग्रजी ठेवायची आणि शब्द मराठी: घे, लिही, जर, तर, नाहीतर, थांब. या भाषेचं नाव त्यांनी ठेवलं ‘सोपी’. नाव ठेवून ते मोकळे झाले आणि गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडले.

भाषा लिहिली जयवंतानं. नागपुरातल्याच इंदोऱ्यात जन्मलेली, गिरणीत साच्यावर काम करणाऱ्या देवाजींची ही धाकटी मुलगी. छप्पन साली दीक्षाभूमीवर बापाच्या खांद्यावर बसून गेली होती असं माय सांगे, तिला आठवत नव्हतं. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, मग नऊ वर्षं एका सरकारी कचेरीत विजेच्या बिलांची कार्डं पंच करत बसली. कार्डावर एक भोक चुकलं की कोण्या गरिबाच्या घरी राजवाड्याचं बिल जायचं. तिचं भोक चुकत नसे. मनोहररावांनी तिला उचललं ते तेवढ्यासाठीच. पण ही बाई मशीनबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचेल आणि चौदा महिन्यांत अख्खी भाषा उभी करील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. भाषा उभी राहिली तेव्हा त्यांनी छान म्हटलं आणि माहितीपत्रकावर छापलं: निर्माता, मनोहरराव. जयवंताला त्याचं फार वाटलं नाही. पगार वेळेवर होत होता आणि कूलर तिच्या बाजूला होता.

त्या भाषेत एक जागा मात्र तिची स्वतःची होती. कारकुनानं मशीनला न कळणारा शब्द लिहिला की मशीननं काहीतरी निरोप द्यायला हवा. निरोपाला जागा उरली होती चार अक्षरांची. ‘चूक’ म्हणावं तर कारकून बिचकतात, हे तिनं पाहिलेलं. तिला वाटलं, मशीननं रागावू नये, घरच्यासारखं विचारावं, काहून बाबा, म्हणजे का रे बाबा? काहून इंग्रजीत पाच अक्षरांचं. पण तिची माय बायजाबाई काहून म्हणतच नसे, काऊन म्हणे. के-ए-यू-एन. बरोब्बर चार. जयवंता स्वतःशीच हसली आणि प्रोग्राममध्ये त्या ओळीच्या वर, मशीन वाचत नाही पण माणूस वाचतो अशा टिपणाच्या ओळीत, तिनं लिहून ठेवलं: काऊन म्हणजे काहून. माय असंच म्हणते.

कापसाच्या जिनिंग सोसायट्यांच्या आणि पतसंस्थांच्या कारकुनांना ते फार आवडलं. “मशीन काऊन काऊन करून राहिलं जी,” असे फोन यायचे. ते फोन जयवंता घ्यायची. मनोहरराव कारकुनांशी बोलत नसत, ते अध्यक्षांशी बोलत.

मग शहाऐंशीच्या दिवाळीत शहराच्या सदर भागातल्या महादेवरावांनी ‘सुगम’ नावाची भाषा बाजारात आणली. महादेवरावांचा धंदा टाईपरायटर आणि कॅल्क्युलेटर विकण्याचा, पण मुंबईहून दोन हुशार पोरं आणून त्यांनी वर्षभर कामाला लावली होती. ‘सुगम’ची खुबी एकच: ‘सोपी’त लिहिलेला कुठलाही प्रोग्राम ‘सुगम’वर एक अक्षर न बदलता चालायचा. आणि ‘सुगम’ पुष्कळ स्वस्त. दोन महिन्यांत मनोहररावांची सात गिऱ्हाइकं तिकडे गेली.

मनोहरराव कोर्टात गेले. कायद्यात नुकतीच दुरुस्ती झाली होती आणि संगणकाच्या प्रोग्रामला पुस्तकासारखा हक्क मिळाला होता. पण समोरचा वकीलही कच्चा नव्हता. त्यानं विचारलं, पुस्तकावर हक्क असतो हे ठीक, पण भाषेवर कसला हक्क? घे, लिही, जर, तर हे शब्द वादींच्या वडिलांनी आणले काय? आमच्या पोरांनी ‘सोपी’चं छापील माहितीपुस्तक वाचलं, पडद्यावर काय दिसतं ते पाहिलं आणि तेच काम करणारा प्रोग्राम आपल्या डोक्यानं लिहिला. तुमच्या प्रोग्रामची एक ओळ आम्ही पाहिली असेल तर दाखवा.

म्हणजे सगळा खटला एका गोष्टीवर येऊन टेकला. जयवंतानं लिहिलेल्या प्रोग्रामची छापील प्रत, ऑफिसात तिला लिस्टिंग म्हणत, ती सदरमध्ये पोचली होती की नव्हती? लिस्टिंग एका लोखंडी कपाटात असे, आणि कपाटाची किल्ली जयवंताच्या कमरेला.

तिथून मनोहररावांची नजर बदलली. आधी पिशवी तपासणं सुरू झालं. मग कपाटापाशी वही आली, उघडताना वेळ लिहा, लावताना वेळ लिहा. मग जयवंता फोनवर बोलू लागली की शिपाई तिथेच टेबल पुसू लागे. दिवसातून सहा वेळा पुसलेलं टेबल साऱ्या नागपुरात ते एकच असेल. एके दिवशी मनोहररावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “जयवंताबाई, तुमचे बंधू महादेवरावांकडेही जातात ना?”

जातच होता. देवराव, तिचा मोठा भाऊ, टाईपरायटर आणि प्रिंटरचा मेकॅनिक. सीताबर्डीवर एका जिन्याखाली त्याचं दुकान. बिघाड झाला की तो धरमपेठेतही यायचा आणि सदरमध्येही जायचा. “जातो,” ती म्हणाली. “मशीन कुणाचंही असो, तो सुधारतो.” मनोहररावांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

रागानं तिचं अंग जळलं. पण त्या रागाखाली एक भीती होती आणि ती भीती मनोहररावांना ठाऊक नव्हती. कपाटातली प्रत जागेवर होती हे खरं. पण लिहिण्याच्या त्या चौदा महिन्यांत किती कागद छापले आणि फेकले गेले असतील! दोन्ही कडांना भोकं असलेले ते रुंद कागद ती रद्दी म्हणून घरी न्यायची, तेव्हा कोणी हरकत घेत नसे. देवरावच्या पोरी मागच्या कोऱ्या बाजूवर अभ्यास करायच्या. उरलेले कागद देवराव दुकानात न्यायचा, सुटे भाग गुंडाळायला. त्यात लिस्टिंगचे कागद होते का? तिनं तेव्हा पाहिलं नव्हतं. आता आठवायचा प्रयत्न केला की कधी वाटे नव्हते, कधी वाटे होते. आणि सदरला जाताना देवराव सुटे भाग कशात गुंडाळून नेत असेल?

एकदा हा किडा डोक्यात शिरल्यावर तिला भावाचं सगळंच वाकडं दिसू लागलं. त्यानं नवा पंखा घेतला होता. तो खटल्याबद्दल विचारत नव्हता. मग एकदा त्यानं खटल्याबद्दल विचारलं, तेव्हा ‘हा काऊन विचारून राहिला?’ असं तिच्या मनात आलं. शेवटी एका दुपारी ती त्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

“दादा, माह्या आफिसची रद्दी कोणाले देल्ली तू?”

देवरावच्या हातात स्क्रू होता. तो तसाच राहिला. “कोणाले म्हणजे?”

“सदरमंधी कोणाले देल्ली का, ते सांग ना गा.”

“मले चोर समजून राहिली का तू?” असं त्यानं विचारलं आणि तिनं नाही म्हणायला एक क्षण उशीर केला. तो उशीर देवरावनं बघितला. “जा घरी,” तो म्हणाला. त्या दिवसापासून रविवारी मायला भेटायला येणं त्यानं बंद केलं. बायकोकरवी निरोप पाठवी. बायजाबाईनं दोघांनाही कारण विचारलं आणि दोघांनीही सांगितलं नाही.

मे महिन्यात कोर्टानं इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका प्राध्यापकांना कमिशनर नेमलं. दोन्ही भाषा समोर चालवून बघा आणि अहवाल द्या. महादेवरावांच्या ऑफिसात दोन मशीनं शेजारी शेजारी मांडली. ‘सोपी’ चालवायला जयवंता, ‘सुगम’ चालवायला मुंबईचा एक पोरगा. दोघांनी एकच प्रोग्राम घातला, एकच आकडे आले. प्राध्यापकांनी टिपून घेतलं. मग मनोहररावांच्या वकिलांनी, चंपतरावांनी, मुद्दाम एक भलताच शब्द घालायला सांगितला.

जयवंताच्या पडद्यावर आलं के-ए-यू-एन. पोराच्या पडद्यावर आलं के-ओ-एन.

“बघा!” मनोहरराव जवळजवळ ओरडलेच. “हा निरोप आमच्या माहितीपुस्तकात छापलेलाच नाही. आमचा कौन, यांनी त्याचं कोण केलं. चोरलं ते चोरलं, वर हिंदीचं मराठी करून ठेवलं!”

मुंबईचा पोरगा चिडून म्हणाला, “पुस्तकात नसेल, एका पतसंस्थेच्या पडद्यावर पाहिलं आम्ही. मराठी भाषेत कौन कशाला, म्हणून आम्ही कोण केलं. अनोळखी शब्द आला की मशीन विचारतं, कोण? त्यात काय?”

जयवंता खुर्चीवर बसल्या जागी थंड पडली. कौन? कोण? तिनं एकदा पोराकडे पाहिलं, एकदा मनोहररावांकडे. पोराला माहीत नव्हतं, ते ठीक, तो मुंबईचा. आणि त्याला माहीत नव्हतं याचा अर्थ लख्ख होता: त्यानं लिस्टिंग पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं तर वरचीच ओळ त्यानं वाचली असती. म्हणजे रद्दी कुठे गेली नव्हती आणि देवरावनं काही केलं नव्हतं. तिला रडूच यायला लागलं. ते आवरताना दुसरी गोष्ट उशिरानं डोक्यात शिरली. मनोहररावांनाही माहीत नव्हतं. अडीच वर्षं ज्या भाषेवर त्यांचं नाव छापलेलं होतं, तिचं लिस्टिंग त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चंपतरावांनी तिला आपल्या कचेरीत बोलावून टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं की कपाटाची किल्ली जयवंताकडे असे. शहाऐंशीच्या जानेवारीत लिस्टिंग आठ दिवस जागेवर नव्हतं. आणि त्याच आठ दिवसांत तिचे बंधू देवराव दोन्ही ऑफिसांत जाऊन आले. खरं तर त्या जानेवारीत लिस्टिंग एक तासही हललं नव्हतं.

“हे खोटं हाय,” ती म्हणाली.

“खोटं काहून? विसरली असशील तू.” चंपतराव वर्ध्याकडचे, साहेबांसमोर शुद्ध बोलत, एरवी घरचं. “तुले कोणी चोर नाही म्हणत. निष्काळजी, बस. साहेब तुले काढणार नाहीत, माहा शब्द. आता सांग, काहून सही करत नाही वं बाई?”

जयवंताला त्याही स्थितीत हसू आलं. हा माणूस दिवसातून शंभरदा काहून म्हणतो आणि तोच शब्द इंग्रजी अक्षरांत चार महिने समोर आहे तर ओळखत नाही. हेही तिला दिसत होतं, की सही केली तर नोकरी राहील आणि भाऊ जन्माचा चोर ठरेल. नाही केली तर तेहतीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या, मायला सांभाळणाऱ्या बाईला नागपुरात दुसरं असं काम देणारं ऑफिस एकच होतं, आणि ते सदरमध्ये होतं. तिथे ती गेली असती तर मनोहररावांचा संशय आपोआप खरा झाला असता. तिनं कागद परत सरकवला. “काय विचारायचं ते कोर्टात विचारा,” म्हणाली.

ती सही करत नाही म्हटल्यावर चंपतरावांनी तिचं नावच काढायचं टाळलं. पण कमिशनरांच्या अहवालात दोन्ही निरोपांचा उल्लेख होता, आणि समोरच्या वकिलानं हा निरोप प्रत्यक्ष कोणी घातला ते कळावं म्हणून तिला बोलावण्याची विनंती केली. न्यायाधीश साताऱ्याकडचे होते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी विचारलं, “बाई, वादींनी शपथेवर सांगितलंय, की अक्षर न् अक्षर त्यांनी स्वतः लिहिलं, आणि ‘कौन’ हा हिंदी शब्द त्यांनीच योजला. तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?”

मनोहरराव तिच्याकडे पाहत होते. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत संशय नव्हता, विनंती होती. पण शेजारच्या बाकावर चंपतरावांच्या फाईलीत देवरावचं नाव होतं, तेही तिला दिसत होतं.

“तो कौन नाही साहेब,” ती म्हणाली. “काऊन आहे.”

कोर्टाचा पट्टेवाला खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. न्यायाधीशसाहेबांना काही कळलं नाही. “म्हणजे काय?”

“काऊन म्हणजे का. आमच्याकडे काहून म्हणतात, कोणी काऊन म्हणतं. जागा चारच अक्षरांची होती. लिस्टिंगमध्ये वर लिहिलेलं आहे. पान त्रेसष्ट.”

लिस्टिंग सीलबंद पाकिटात कोर्टापुढे होतंच, वादींनीच दिलेलं. साहेबांनी सील फोडायला लावलं. ते रुंद कागद टेबलावर उलगडत गेले आणि टेबलावरून खाली लोंबले. पान त्रेसष्ट मिळालं. साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि इंग्रजी अक्षरांतलं मराठी एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचलं, “काऊन म्हणजे काहून. माय असंच म्हणते.”

कोर्टात आता सगळेच हसले, चंपतराव सोडून. त्यांनी कपाळाला हात लावला होता. साहेब हसले नाहीत. ते मनोहररावांकडे वळले. “आपल्या मातोश्री कुठल्या?”

“पुण्याच्या,” मनोहरराव म्हणाले.

“आपण त्यांना माय म्हणता?”

मनोहरराव टेबलावरून लोंबणाऱ्या कागदांकडे बघू लागले. त्यांना पुढचं काही विचारावंही लागलं नाही. ज्यानं लिस्टिंग पाहिलं त्याला या शब्दाचा अर्थ कळतो. प्रतिवादींना तो कळला नाही, वादींनाही कळला नाही. तेव्हा प्रतिवादींनी ते पाहिल्याचं दिसत नाही, आणि वादींनी ते लिहिल्याचंही दिसत नाही, असं साहेबांनी लिहून घेतलं. मनोहररावांनी ‘सुगम’ची विक्री थांबवायला मागितलेला तात्पुरता मनाई हुकूम नामंजूर झाला. खटला पुढे कागदावर रेंगाळत राहिला आणि दोन वर्षांनी दोघांनी आपसात मिटवला.

बाहेर मनोहररावांनी तिच्याकडे हात पुढे केला. तिला आधी कळलं नाही, मग कळलं. कमरेची किल्ली काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

“तुम्ही एकदा तरी वाचायचं होतं साहेब,” ती म्हणाली. ते गाडीत बसून निघून गेले.

ती तशीच उन्हात चालत सीताबर्डीवर आली. देवराव एका टाईपरायटरचा रूळ काढून बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “काऊन आली वं?”

तासाभरापूर्वी भर कोर्टात त्याच शब्दाचा अर्थ तिनं न अडखळता सांगितला होता. आता “माहं चुकलं, दादा,” एवढंच कसंबसं निघालं. मग तिनं कोर्टात काय झालं ते सांगितलं, नोकरी गेल्याचं सांगितलं. तो ऐकत होता आणि रूळ पुसत होता.

“म्हंजे मशीननं सांगतलं तवा तुले पटलं,” तो म्हणाला.

मनोहररावांनी तिचं लिस्टिंग वाचलं नव्हतं आणि तिनं सख्ख्या भावाचं तोंड वाचलं नव्हतं. लाजेनं तिला मान वर करवेना.

देवरावनं दुकानाच्या मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. कडांना भोकं असलेले रुंद कागद, सुतळीनं बांधलेले. पोरींच्या वह्यांतून, डब्यांच्या तळातून, सुट्या भागांच्या पुड्यांवरून एकेक सोडवून, सपाट करून रचलेले. “तू गेली त्या दिवशीच जमा केले. मले इंग्रजी वाचता येत नाही. पाहून घे.”

“नको गा दादा. मले नाही पाहायचे.”

“पाहून घे म्हणतो ना,” तो म्हणाला. “तू पाहेस्तोवर मी चहा सांगत नाही.”

तिनं सुतळी सोडली. एका बाजूला पतसंस्थांची खाती, सोसायटीच्या याद्या, हजेरीपत्रकं. मागच्या बाजूला पोरींचे पाढे, नकाशातली वैनगंगा, आणि एकीनं पेन्सिलीनं काढलेली आत्या, मोठ्या मशीनपुढे बसलेली. ती एकेक कागद उलटत गेली. देवराव समोर बसून पाहत होता. दीडशेच्या वर कागद होते. त्यात लिस्टिंगचा एकही निघाला नाही.

तिनं गठ्ठा पुन्हा बांधला. मग देवरावनं समोरच्या टपरीकडे पाहून दोन बोटं वर केली आणि तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.